शेतीतील टाकाऊ पदार्थांची राख आणि काँक्रीट : सिमेंटच्या अंशतः पर्यायाचा शास्त्रीय विचार

बीजसंज्ञा : तुसाची राख, बगॅसची राख, पोझोलाना, अस्फटिकी सिलिका, सिमेंटचा अंशतः पर्याय

प्रस्तावना

भात भरडल्यानंतर गिरणीत तूस उरतो आणि ऊस गाळल्यानंतर साखर कारखान्यात चिपाड उरते. हे दोन्ही पदार्थ प्रामुख्याने बॉयलरमध्ये किंवा भट्टीत जाळले जातात. उष्णता उपयोगात येते, परंतु मागे राहिलेल्या राखेला निश्चित धनी नसतो. ती गिरणीच्या मागे साठते, पडीक जागेत टाकली जाते, वाऱ्याबरोबर लगतच्या शेतात आणि वस्तीत पसरते. दुसऱ्या बाजूस बांधकामासाठी लागणाऱ्या सिमेंटची मागणी सातत्याने वाढत आहे. या दोन प्रश्नांची सांगड घालून सिमेंटच्या काही भागाऐवजी शेतीजन्य राख वापरावी, हा विचार संशोधनक्षेत्रात चांगलाच रुजला आहे.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अंतिम वर्षाच्या प्रकल्पांमध्येही हा विषय वारंवार हाताळला जातो. अशा प्रकल्पांचा आराखडा बहुधा ठरलेला असतो. जवळच्या गिरणीतून किंवा कारखान्यातून राख आणली जाते, सिमेंटच्या ५, १०, १५ व २० टक्के भागाऐवजी ती मिसळली जाते, ठोकळे तयार केले जातात, ७ व २८ दिवसांनी त्यांची दाबसहनक्षमता मोजली जाते आणि विशिष्ट टक्केवारी ‘योग्य’ असल्याचा निष्कर्ष काढला जातो. मात्र ती राख कोणत्या तापमानाला तयार झाली, तिच्यात न जळलेला कोळसा किती होता, ती किती बारीक दळली होती, याची नोंद अनेकदा नसते. परिणामी एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी लागू पडत नाही. ‘राख किती मिसळावी’ या प्रश्नाआधी ‘ही राख कोणती आहे’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) शेतीजन्य राख सिमेंटचे काम कोणत्या रासायनिक क्रियेमुळे करू शकते, हे स्पष्ट करणे.
२) तुसाची राख व बगॅसची राख यांतील साम्य आणि भेद मांडणे.
३) महाविद्यालयीन पातळीवर करता येण्याजोग्या परीक्षणांचा परिचय करून देणे.
४) वापराच्या मर्यादा व धोके यांकडे लक्ष वेधणे.

सिमेंटला पर्याय कशासाठी?

सिमेंटचा मुख्य घटक असलेला क्लिंकर तयार करण्यासाठी चुनखडी आणि चिकणमाती यांचे मिश्रण सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत भाजावे लागते. त्यासाठी इंधन जळते, हे उघड आहे. परंतु प्रदूषणाचे अधिक मोठे कारण इंधनात नसून खुद्द चुनखडीत आहे. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटचे १०० किलोग्रॅम भाजले असता ५६ किलोग्रॅम चुना मिळतो आणि ४४ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. इंधन कितीही स्वच्छ वापरले तरी हा भाग टळत नाही. एक टन क्लिंकरमागे साधारणतः ०.८ ते ०.९ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो व त्यातील निम्म्याहून अधिक चुनखडीतून येतो. जगातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंट उद्योगाचा मानला जातो. सिमेंट उत्पादनात चीनखालोखाल भारताचा क्रमांक लागतो, हे लक्षात घेता आपल्या दृष्टीने या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगण्याची गरज नाही.

एक घनमीटर काँक्रीटमध्ये ३५० किलोग्रॅम सिमेंट आहे असे मानल्यास १५ टक्के पर्यायाने ५२.५ किलोग्रॅम, म्हणजे साधारण एक पोते सिमेंट वाचते. त्यामागे चाळीस किलोग्रॅमहून अधिक कार्बन डायऑक्साइड टळतो. अर्थात राख दळण्यासाठी लागणारी वीज आणि वाहतुकीचे इंधन यांचा हिशेब त्यातून वजा करावा लागतो.

राख सिमेंटचे काम कसे करते?

सिमेंटमध्ये पाणी मिसळले की जलसंयोगाची क्रिया सुरू होते. तिच्यातून दोन मुख्य पदार्थ निर्माण होतात. पहिला कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट हा चिकट, जेलीसदृश पदार्थ होय. वाळू आणि खडी यांना धरून ठेवणारे खरे बंधक द्रव्य तेच आहे. दुसरा पदार्थ कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच विरलेला चुना होय. घट्ट झालेल्या सिमेंटमधील घन भागापैकी आकारमानाने सुमारे २० ते २५ टक्के हा चुना असतो. बळकटीत त्याचा वाटा अल्प असतो. शिवाय तो पाण्यात काही प्रमाणात विरघळतो. गळणाऱ्या स्लॅबच्या खालच्या बाजूस दिसणारे पांढरे ओघळ ही त्याचीच खूण असते.

अस्फटिकी सिलिका असलेली बारीक भुकटी या मिश्रणात असेल, तर ती पाण्याच्या सान्निध्यात या चुन्याशी संयोग पावते आणि पुन्हा कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होते. म्हणजेच दुर्बल घटकाचे रूपांतर बंधक द्रव्यात होते. या क्रियेस पोझोलानिक क्रिया म्हणतात. इटलीतील नेपल्सजवळच्या पोझुओली या गावावरून हे नाव पडले. तेथील ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून रोमन लोकांनी भक्कम बांधकामे केली.

हे तत्त्व आपल्याकडेही अपरिचित नव्हते. सिमेंट येण्यापूर्वी चुन्याच्या घाणीत चुना मळताना त्यात भाजक्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी मिसळण्याची पद्धत होती. भाजलेल्या मातीतील क्रियाशील सिलिका व अ‍ॅल्युमिना चुन्याशी संयोग पावत आणि ओल्या जागीही टिकणारा गारा तयार होई. आज बाजारात मिळणाऱ्या पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये औष्णिक वीजकेंद्रांतील उडती राख असते, तिचे कार्यही याच तत्त्वावर चालते. शेतीजन्य राख ही या परंपरेतील पुढची पायरी होय.

येथे एक मुद्दा नीट समजून घेणे आवश्यक आहे. नदीतील वाळू ही देखील मुख्यत्वे सिलिकाच आहे, परंतु ती चुन्याशी संयोग पावत नाही. कारण वाळूतील सिलिकाची रचना स्फटिकी, म्हणजे सुबद्ध आणि स्थिर असते. अस्फटिकी सिलिकाची रचना विस्कळीत असल्यामुळे ती क्रियाशील असते. रासायनिक विश्लेषणात दोन्हींची टक्केवारी सारखी दिसू शकते. म्हणूनच ‘राखेत ९० टक्के सिलिका आहे’ एवढ्या एका विधानावरून ती सिमेंटचा पर्याय ठरत नाही.

भाताच्या तुसाची राख

कोकणात ज्याला भात आणि पूर्व विदर्भात धान म्हणतात, त्या पिकाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असतो आणि तूस जाळल्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा राख उरते. म्हणजे एक टन भातापासून साधारण २०० किलोग्रॅम तूस आणि ४० किलोग्रॅम राख मिळते. पूर्णपणे जळलेल्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. भाताचे रोप मुळांवाटे जमिनीतील विद्राव्य सिलिका शोषून घेते आणि ती तुसाच्या पृष्ठभागावर साठवते. तूस जनावरांच्या चाऱ्यासाठी निकृष्ट ठरतो आणि लवकर कुजत नाही, त्याचे एक कारण हेच होय.

वनस्पतीत साठलेली ही सिलिका मुळात अस्फटिकी असते. ज्वलनात ती तशीच टिकते की नाही, हे तापमान आणि वेळ यांवर ठरते. साधारणतः ५०० ते ७०० अंश सेल्सिअस दरम्यान पुरेशी हवा देऊन नियंत्रित ज्वलन केल्यास कोळसा जळून जातो व सिलिका अस्फटिकी राहते. तापमान त्याहून बरेच वाढले आणि दीर्घकाळ टिकले, तर सिलिकाचे क्रिस्टोबलाइटसारख्या स्फटिकांत रूपांतर होऊ लागते व तिची क्रियाशीलता घटते. याउलट तापमान कमी किंवा हवा अपुरी असल्यास राख काळी व कोळसायुक्त राहते. उघड्यावर पेटवलेल्या ढिगात हे दोन्ही दोष एकाच वेळी आढळू शकतात.

रंगावरून राखेची पारख करण्याची सवय या ठिकाणी फसवी ठरते. काळी राख कोळसायुक्त असते हे खरे, परंतु पांढरी राख चांगलीच असते असे नाही. अतितापाने स्फटिकी झालेली राखही पांढरी दिसते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पी. के. मेहता यांनी १९७० च्या दशकात नियंत्रित ज्वलनातून मिळणाऱ्या तुसाच्या राखेवर पायाभूत संशोधन केले. या राखेचे कण मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे सच्छिद्र असतात. त्यामुळे क्रियेसाठी मोठा पृष्ठभाग उपलब्ध होतो, पण त्याच कारणाने राख पाणी जास्त शोषते. मिश्रण कोरडे पडू लागले की कामाच्या जागी पाणी वाढवण्याचा मोह होतो. पाणी वाढले की बळकटी घटते व राखेचा लाभ नाहीसा होतो. यास्तव पाणी न वाढवता सुपरप्लास्टिसायझर वापरणे श्रेयस्कर होय.

उसाच्या बगॅसची राख

एक टन ऊस गाळल्यावर सुमारे २६० किलोग्रॅम ओले बगॅस मिळते. त्यात निम्मे पाणी असते. ते बॉयलरमध्ये जाळल्यानंतर उसाच्या वजनाच्या सुमारे ०.६ टक्के राख शिल्लक राहते. या हिशेबाने दररोज ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात रोज सुमारे ३० टन राख तयार होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतील साखर कारखानदारी पाहता ही राख गळीत हंगामात मोठ्या प्रमाणावर व ठरावीक ठिकाणी उपलब्ध होते, हा तिचा मोठा लाभ आहे.

तथापि ही राख तुसाच्या राखेइतकी निर्दोष नसते. उसाबरोबर शेतातील माती व वाळू कारखान्यात येते आणि बॉयलरमधून ती राखेत उतरते. ही वाळू रासायनिक विश्लेषणात ‘सिलिका’ म्हणूनच मोजली जाते, परंतु ती निष्क्रिय असते. दुसरे असे की, बॉयलरची रचना वाफेसाठी केलेली असते, चांगल्या राखेसाठी नव्हे. त्यामुळे जाळीवर उरलेली राख आणि धुराबरोबर जाऊन धूळसंकलकात जमलेली राख यांचे गुणधर्म भिन्न असतात. न जळलेले तंतूही राखेत आढळतात. चाळणे, आवश्यक तर पुन्हा नियंत्रित तापमानाला भाजणे आणि बॉल मिलमध्ये बारीक दळणे या संस्कारांनंतर ही राख उपयुक्त ठरू शकते. संस्काराविना ती बहुतांशी बारीक वाळूचेच काम करते.

कारखान्याच्या आवारात आसवनी असल्यास तेथील स्पेंट वॉश जाळणाऱ्या बॉयलरची राख वेगळी ठेवणे आवश्यक आहे. ती पालाशयुक्त असते. तिची जागा खतात आहे, काँक्रीटमध्ये नाही. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या यांसारख्या पिकांच्या अवशेषांबाबतही सावधगिरी हवी. त्यांच्या राखेत सिलिका तुलनेने कमी आणि पालाशासारखे अल्कली घटक अधिक असतात. काही प्रकारच्या खडीशी अल्कलींचा संयोग होऊन काँक्रीट फुगण्याचा व तडकण्याचा धोका संभवतो. म्हणून प्रत्येक पिकाची राख सिमेंटचा पर्याय ठरते, हा समज टाळला पाहिजे.

राखेची परीक्षा

भारतीय मानक आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत तुसाच्या राखेचा खनिज मिश्रक म्हणून उल्लेख आहे. संबंधित अधिकाऱ्याच्या मान्यतेने ती वापरता येते. मात्र त्याच ठिकाणी अशीही सूचना आहे की, विशिष्ट स्रोताकडून येणाऱ्या राखेची कामगिरी व एकसारखेपणा तपासून पाहणे आवश्यक आहे, अन्यथा ती काँक्रीटमध्ये गाळाइतकीच घातक ठरू शकते. पाण्याची गरज व सुकताना होणारे आकुंचन यांचाही अभ्यास करावा, असे मानक सांगते. संमती आणि इशारा एकाच परिच्छेदात असणे, यातच या विषयाचे मर्म आहे.

परीक्षणासाठी उडत्या राखेच्या आयएस ३८१२ या मानकातील निकष तुलनेसाठी उपयोगी पडतात. सिलिका, अ‍ॅल्युमिना व लोह ऑक्साइड यांची बेरीज किमान ७० टक्के, सूक्ष्मता किमान ३२० चौरस मीटर प्रति किलोग्रॅम, चुना-क्रियाशीलता किमान ४.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि २८ दिवसांची तुलनात्मक दाबसहनक्षमता साध्या सिमेंटच्या मसाल्याच्या किमान ८० टक्के, असे हे निकष आहेत. चुना-क्रियाशीलतेची पद्धत आयएस १७२७ मध्ये दिलेली आहे. तिच्यात सिमेंट न वापरता चुना, राख व वाळू यांचेच ठोकळे केले जातात. त्यामुळे ठोकळ्याला आलेली बळकटी ही राखेचीच कमाई असते.

बहुशाखीय महाविद्यालयात हे परीक्षण अनेक विभागांच्या सहकार्याने होऊ शकते.

१) ज्वलन-घट : रसायनशास्त्र विभागातील मफल भट्टीत वाळवलेल्या राखेचा नमुना स्थिर वजन येईपर्यंत तापवल्यास न जळलेल्या कोळशाचा अंदाज येतो. ही घट अधिक असल्यास राख पाणी व मिश्रके शोषून घेते.

२) विद्युतवाहकतेची चाचणी : स्पेनमधील लुक्सान व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये सुचवलेली ही पद्धत सोपी आहे. ४० अंश सेल्सिअसला ठेवलेल्या २०० मिलिलिटर संपृक्त चुन्याच्या निवळीत ५ ग्रॅम राख टाकून दोन मिनिटांत वाहकता किती घटते, हे पाहिले जाते. घट ०.४ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास राख निष्क्रिय आणि १.२ पेक्षा अधिक असल्यास चांगली क्रियाशील मानली जाते. राखेतील विद्राव्य क्षारांमुळे वाहकता वाढते. म्हणून तेवढीच राख साध्या ऊर्ध्वपातित पाण्यात टाकून दुरुस्ती करावी.

३) क्ष-किरण विवर्तन : भौतिकशास्त्र विभागाच्या साहाय्याने किंवा विद्यापीठाच्या केंद्रात हे करता येते. आलेखात तीक्ष्ण शिखरे दिसल्यास स्फटिकी सिलिका आणि रुंद उंचवटा दिसल्यास अस्फटिकी सिलिका असल्याचे समजते.

४) वाळूच्या भुकटीशी तुलना : तितक्याच सूक्ष्मतेपर्यंत दळलेली शुद्ध वाळू त्याच प्रमाणात मिसळून समांतर ठोकळे करावेत. बारीक कण पोकळ्या भरतात, एवढ्यानेही बळकटी काहीशी वाढते. राखेचे ठोकळे वाळूच्या भुकटीच्या ठोकळ्यांपेक्षा २८ व ९० दिवसांनी स्पष्टपणे सरस ठरले, तरच पोझोलानिक क्रिया झाली असे म्हणता येते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ही एक तुलना समाविष्ट केली तरी त्यांचे मोल पुष्कळ वाढेल.

प्रमाणाची मर्यादा आणि वापरातील दक्षता

चांगल्या प्रतीची राख साधारणतः १० ते १५ टक्के, काही वेळा २० टक्क्यांपर्यंत लाभदायक ठरते. त्यापुढे बळकटी घटू लागते. कारण सरळ आहे. राखेला संयोगासाठी लागणारा चुना सिमेंटमधूनच मिळतो. सिमेंट कमी केले की चुन्याचा पुरवठा घटतो आणि उरलेली राख केवळ भरणा ठरते.

यातूनच एक महत्त्वाची दक्षता निष्पन्न होते. किरकोळ बाजारात मोठ्या प्रमाणावर विकले जाणारे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट आधीच राखयुक्त असते. आयएस १४८९ नुसार त्यात १५ ते ३५ टक्के उडती राख असू शकते. अशा सिमेंटमध्ये पुन्हा शेतीजन्य राख मिसळल्यास चुन्याची उणीव भासते. प्रयोगशाळेतील निष्कर्ष साध्या पोर्टलँड सिमेंटवर आधारलेले असतील आणि गावातील गवंडी पोझोलाना सिमेंट वापरत असेल, तर ते निष्कर्ष त्याच्या स्लॅबला लागू होत नाहीत. पोत्यावरील छापील माहिती वाचल्याशिवाय कोणताही सल्ला देऊ नये.

राखमिश्रित काँक्रीटची बळकटी, विशेषतः राख कमी क्रियाशील असल्यास, सुरुवातीला मंद गतीने वाढते. त्यामुळे सेंट्रिंग काढण्याची घाई करता येत नाही आणि पाणी मारण्याचा कालावधी वाढवावा लागतो. पाण्याअभावी ही क्रिया अर्धवट राहते. आणखी असे की, काँक्रीटमधील चुना सळ्यांभोवती अल्कधर्मी वातावरण राखून त्यांना गंजापासून वाचवतो. प्रमाणाबाहेर राख मिसळून हा चुना खर्ची पडल्यास हवेतील कार्बन डायऑक्साइडचा परिणाम सळ्यांपर्यंत लवकर पोहोचू शकतो. याउलट योग्य प्रमाणात मिसळलेल्या उत्तम राखेमुळे काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रे घटतात आणि क्षारांचा शिरकाव मंदावतो. कोकण किनारपट्टीवरील बांधकामांसाठी हा गुण विशेष मोलाचा आहे.

आरोग्य व अर्थकारण

स्फटिकी सिलिकाची सूक्ष्म धूळ श्वासावाटे फुफ्फुसात गेल्यास सिलिकोसिस हा असाध्य रोग होऊ शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये व्यवसायातील अशा धुळीचा समावेश कर्करोगकारक घटकांत केला. अतितापाने तयार झालेली राख दळणाऱ्या व चाळणाऱ्या कामगारांना, तसेच प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांना योग्य श्वसनमुखवटे पुरवणे आणि शक्य तेथे राख ओलसर ठेवून हाताळणे अनिवार्य मानले पाहिजे.

अर्थकारणाचा विचार करता अंतर हा निर्णायक घटक आहे. राख वजनाने हलकी पण आकारमानाने मोठी असल्याने लांबची वाहतूक परवडत नाही. वर उल्लेखिलेल्या ५२.५ किलोग्रॅम राखेसाठी सुमारे १.३ टन भाताचा तूस किंवा सुमारे पावणेनऊ टन उसाचे बगॅस लागते. म्हणजे राख गावोगावी विखुरलेली असून चालत नाही, ती एका जागी एकवटलेली असावी लागते. या दृष्टीने गोंदिया-भंडारा भागातील भातगिरण्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंट उद्योग यांचे सान्निध्य विचारात घेण्यासारखे आहे. राख बांधकामाच्या जागी फावड्याने मिसळण्यापेक्षा ती परीक्षण करून कारखान्यातच सिमेंटबरोबर दळली गेली, तर एकसारखेपणा राखणे अधिक सुलभ होईल. पोलाद उद्योगातही तुसाची राख उष्णतारोधक म्हणून वापरली जाते. त्यामुळे चांगल्या राखेला भविष्यात किंमत मोजावी लागेल, हेही गृहीत धरले पाहिजे.

समारोप

शेतीजन्य राख हा सिमेंटचा उपयुक्त अंशतः पर्याय आहे, परंतु तो आपोआप सिद्ध होणारा पर्याय नाही. एकाच तुसापासून उत्तम पोझोलाना तयार होऊ शकतो आणि निरुपयोगी धूळही. हा भेद ज्वलनाचे तापमान, हवा, दळण आणि भेसळ यांनी ठरतो. परीक्षण न करता राख मिसळलेल्या स्लॅबखाली राहणाऱ्या कुटुंबाला टक्केवारीचा आलेख वाचवू शकत नाही.

यास्तव महाविद्यालयांतील प्रकल्पांनी राखेचा स्रोत, ज्वलनाची पद्धत, ज्वलन-घट, सूक्ष्मता आणि वापरलेल्या सिमेंटचा प्रकार या पाच बाबींची नोंद अनिवार्य करावी. अशा नोंदी परिसरातील गिरण्या व कारखान्यांनुसार वर्षानुवर्षे साठत गेल्या, तर त्यातून त्या भागाची राखेची विश्वसनीय सूची तयार होईल. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र आणि स्थापत्य अभियांत्रिकी या विषयांच्या अध्यापकांना एकत्र आणणारे व परिसराच्या प्रत्यक्ष उपयोगी पडणारे असे काम कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहे.